नाशिकच्या आसपास प्राचीन टांकसाळ पाहायची तर कुठे जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकच्या एका शाळेत नववीला इतिहास शिकवता. सातवाहन आणि क्षत्रपांची नाणी पुस्तकात येतात, मुलं विचारतात की ही नाणी नेमकी कुठे पाडली जायची, ती जागा बघता येईल का. दोन दिवसांच्या सहलीत नाशिक परिसरात अशा कोणत्या जागा दाखवता येतील आणि तिथे काय बघायचं?

आधी सरळ उत्तर देतो. "ही बघा सातवाहनांची टांकसाळ" असं म्हणून बोट दाखवता येईल अशी इमारत नाशिक जिल्ह्यात नाही. तशी पाटी कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नका. पण सातवाहन आणि क्षत्रप या दोन राजवटींच्या झगड्यात हजारो नाणी पुन्हा ठोकली गेली, त्याचा भारतातला सर्वांत ठळक पुरावा नाशिकच्याच मातीतून निघाला आहे. त्या नाण्यांच्या काळात पैसा कसा फिरत होता याचा हिशेब इथल्याच लेण्यांत दगडावर कोरलेला आहे. मराठेशाहीतली प्रत्यक्ष टांकसाळीची गावंही इथेच आहेत. त्यामुळे सहल वाया जाणार नाही. फक्त "टांकसाळ पाहायला" जाण्याऐवजी "नाण्याच्या मागावर" जायचं, असं मुलांना आधीच सांगून ठेवा.

इमारत का सापडत नाही, हे मुलांना समजावलं तर अर्धी सहल तिथेच झाली. दोन हजार वर्षांपूर्वी चांदीचं नाणं पाडायला काय लागायचं? वितळवायला मूस आणि भट्टी, तोलायला तराजू, चकत्या कापायला छिन्नी, खाली ऐरणीत बसवलेला एक ठसा, वर हातात धरायचा दुसरा ठसा आणि हातोडा. चार-सहा कारागीर, एक पारखी आणि राजाचा एक अधिकारी. हे सगळं बैलगाडीत मावतं. सैन्याच्या तळावरही नाणी पाडता येतात. काम संपलं की ठसे मोडून टाकायचे, कारण ते चुकीच्या हाती पडले तर खोटी नाणी निघणार. चांदी तर कुणी मागे ठेवत नाहीच. मग उत्खननात उरणार काय? राख, धातूची मळी, फुटक्या मुशी.

जिथे नाणी ठोकत नसत, मातीच्या साच्यात ओतत, तिथली गोष्ट वेगळी. ओतल्यावर साचा फोडावा लागतो आणि फुटके साचे तिथेच उकिरड्यावर पडतात. हरियाणात रोहतकजवळच्या खोखराकोट टेकाडावर १९३६ मध्ये बिरबल साहनींना यौधेय या प्राचीन गणाच्या नाण्यांचे असे साचे सापडले. साहनी हे वनस्पतींच्या जीवाश्मांचे शास्त्रज्ञ. तरी त्यांनी त्या मातीच्या तुकड्यांवरून प्राचीन ओतकामावर १९४५ मध्ये आख्खं पुस्तक काढलं. तेलंगणातल्या कोंडापूरलाही सातवाहनकाळातले साचे मिळाले आहेत. म्हणजे टांकसाळीची जागा ओळखायची खूण भिंत नसते, कचरा असतो. हे वाक्य मुलांच्या लक्षात राहील असा माझा अनुभव आहे.

आता जागांकडे येऊ. सुरुवात पांडवलेण्यांपासूनच करा, आणि निम्मा दिवस तिथेच जाऊ द्या.

शहरापासून आठेक किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गावर, फाळके स्मारकाच्या मागच्या डोंगरात ही लेणी आहेत. शिलालेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी. पायऱ्या चढून गेलं की पोरं आधी सगळीकडे पळतात. पळू द्या. मग त्यांना क्रमांक दहाच्या लेण्याच्या ओसरीत बसवा. हा नहपानाचा विहार. नहपान हा क्षहरात घराण्यातला क्षत्रप, आणि त्याचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. त्या जावयाने लेणं कोरवून दान दिलं आणि दानाचा हिशेब भिंतीवर लिहून ठेवला. वर्षं दिलीत ४१, ४२ आणि ४५.

त्या हिशेबात नाणेशास्त्राचा एक आख्खा धडा आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, 'अक्षयनीवी' म्हणून ठेवले. मुद्दल कधी काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. ठेवले कुठे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी द्यायचे. आता मुलांना वही काढायला लावा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीस. पैसा न पैसा जुळतो. दुसऱ्या ठेवीचं व्याज वर्षाला नव्वद, ते किरकोळ खर्चाला. गणिताचे शिक्षक सोबत असतील तर त्यांना इथेच उभं करा.

याच लेखात देवांना आणि ब्राह्मणांना दिलेल्या सत्तर हजार कार्षापणांचा उल्लेख आहे, आणि ते सोन्यात किती होतात तेही सांगितलंय: दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण या दराने. म्हणजे नाशिकच्या डोंगरावर सोन्या-चांदीचा विनिमय दर कोरलेला आहे. अशी माहिती इतकी स्पष्ट फार थोड्या ठिकाणी मिळते. मला विचाराल तर एखादी पडकी भट्टी बघण्यापेक्षा ही ओळ बघणं जास्त मोलाचं. टांकसाळ नाणं जन्माला घालते, पण नाणं चाललं का, लोकांनी ते ठेवीला घेतलं का, त्यावर व्याज दिलं का, हे टांकसाळ सांगत नाही. ते विणकरांची श्रेणी सांगते.

मग क्रमांक तीनवर या. इथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा आदेश आहे, त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षातला, वैजयंतीच्या विजयी सेनेच्या तळावरून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला पाठवलेला. ओसरीत शिरताना डाव्या हाताच्या भिंतीवर. आदेश असा की पश्चिम कखडी गावातलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत, जे आजवर ऋषभदत्त उपभोगत होता, ते त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावं. पुढे चोविसाव्या वर्षी दुसरा आदेश आला, तो अमात्य श्यामकाला. त्यात म्हटलंय की ते गाव ओस पडलंय, शेत कुणी कसत नाही, तर नगराच्या सीमेवरचं राजाच्या मालकीचं शंभर निवर्तन शेत त्याऐवजी द्यावं. सरकारी दान हातात पडेपर्यंत सहा वर्षं गेली, यावर वर्गातली मोठी मुलं हसतात.

हे शेताचं प्रकरण मी मुद्दाम सांगतोय. शत्रूच्या जावयाचं शेत जप्त करून आपल्या नावाने दान द्यायचं, हे गौतमीपुत्राने जमिनीच्या बाबतीत केलं. नेमकं हेच त्याने नाण्यांच्या बाबतीत केलं. त्यासाठी जोगलटेंभीला जावं लागतं.

जोगलटेंभी सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणेच्या संगमावर. १९०६ मध्ये या गावात चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला. एकेक नाणं सुमारे दोन ग्रॅमचं धरलं तर पंचवीस किलोच्या आसपास चांदी. उषवदाताच्या तीन हजारांच्या ठेवीशी तुलना करा, म्हणजे ही रक्कम केवढी ते कळेल. रेव्हरंड स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास करून १९०८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याआधी नहपानाची नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माहीत होती.

गावात त्या साठ्याची काही खूण उरलेली नाही, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं नाराज होतील. संगम मात्र बघण्यासारखा आहे. तिथे काठावर बसवून नाण्याचा मोठा छापील फोटो मुलांच्या हातात द्या. मोबाइलच्या पडद्यावर नको. ए-फोर कागदावर एकच नाणं मोठं करून छापा, दोन्ही बाजू.

आता ते नाणं कसं वाचायचं ते सांगतो. नहपानाच्या मूळ नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा, उजवीकडे पाहणारा, आणि कडेने ग्रीक लिपीतली अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठीत 'राञो क्षहरातस नहपानस' अशा अर्थाचा लेख. तीन लिप्या एका दोन ग्रॅमच्या चकतीवर. कुणासाठी? ग्रीक लिपी पश्चिमेकडच्या व्यापाराची आणि जुन्या नाण्यांच्या वळणाची आठवण, खरोष्ठी वायव्येची, ब्राह्मी इथल्या माणसांसाठी. चेहऱ्यांत इतका फरक आहे, कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक बसकं तर कुठे धारदार, की स्कॉट यांना वाटलं हे एकाच घराण्यातले वेगवेगळे पुरुष असावेत, फक्त नाव नहपानाचं. माझं मत साधं आहे: ठसे कोरणारे हात अनेक होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी राजाला कधी पाहिलेलं नव्हतं. ग्रीक अक्षरंही अनेक नाण्यांवर बिघडत गेलेली दिसतात. ती न वाचता नुसती बघून उतरवली की असंच होतं.

मग या नाण्यावर गौतमीपुत्राचा ठसा बसतो. चेहऱ्याच्या बाजूला तीन कमानींचा पर्वत, ज्याला चैत्य किंवा मेरू म्हणतात, त्याच्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस'. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. मजा अशी की खालचा नहपान पुरता जात नाही. पर्वताच्या कमानीखालून त्याचं नाक डोकावतं, ब्राह्मी अक्षरांच्या मधून एखादं ग्रीक अक्षर. मुलांना सांगा, कागदावर पेन्सिलीने दोन राजे वेगळे करून दाखवा. कुणाची रेघ खालची, कुणाची वरची. नववीची पोरं यात रंगून जातात.

नाणी वितळवून नवी का पाडली नाहीत? हा प्रश्न नक्की येतो. वितळवायचं तर कोळसा लागतो, चांदी काही प्रमाणात जळून-सांडून कमी होते, पुन्हा कस बघावा लागतो, पुन्हा तोलून चकत्या कापाव्या लागतात. नहपानाच्या नाण्याचा कस आणि वजन बाजाराला आधीच मान्य होतं. चकती तयारच होती. फक्त मालक बदलला होता. मग एक घाव पुरतो. शिवाय वितळवलेली नाणी कुणाला दिसत नाहीत, आणि पुन्हा ठोकलेलं नाणं हातोहात फिरून सगळ्यांना सांगतं की नहपान संपला. गौतमीपुत्राची आई बालश्री हिच्या लेखात, तोही तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातच, त्याचा मुलगा पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षातला, गौतमीपुत्राला 'खखरातवसनिरवसेसकर' म्हटलंय, क्षहरात वंश निःशेष करणारा. तीच घोषणा या नाण्यांवर आहे, अक्षरं कमी लागली एवढंच. नाणी लेण्यांपासून इतक्या जवळ सापडली, आणि गोवर्धन हे या आहाराचं, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्याचं, प्रशासकीय केंद्र होतं, यावरून पुन्हा ठोकण्याचं काम याच टापूत झालं असावं असा तर्क करता येतो. तो तर्क आहे, पुरावा नाही, हा फरक मुलांसमोर मोकळेपणाने मांडा. इतिहास शिकवण्यातला तो सर्वांत कामाचा भाग.

आणखी एक दुवा: लेणं क्रमांक वीसमध्ये नंतरचा सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचा सातव्या वर्षाचा लेख आहे. या राजाच्या चांदीच्या नाण्यावर त्याचा स्वतःचा चेहरा येतो, थेट क्षत्रपांच्या वळणाचा. असं एक नाणं मुंबईजवळच्या सोपाऱ्याच्या स्तुपात १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना मिळालं. म्हणजे ज्यांची नाणी खोडली, त्यांचीच तऱ्हा पुढे उचलली. तिसऱ्या लेण्याचे खांब दहाव्याच्या खांबांवरून बेतलेले आहेत, तेही दाखवून टाका.

गोवर्धन गाव गंगापूर रस्त्यावर, सोमेश्वरच्या पुढे. शिलालेखातलं गोवर्धन ते हेच, असं ब्रिटिशकालीन गॅझेटिअरपासून मानलं जातं. विणकरांच्या श्रेणी, निगमसभा (नगराची सभा), अमात्याचं कार्यालय हे सगळं या नावाशी जोडलेलं. दिसायला आज तिथे नाण्यांच्या संदर्भात काही नाही. धरणाकडे जाताना गाडी पाच मिनिटं थांबवून नाव सांगितलं तरी पुरे.

जुन्या नाशकातली मातीची गढी मात्र वगळू नका, पण लांबूनच दाखवा. गोदाकाठच्या या टेकाडात हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासून पुढच्या वस्तीचे थर तिथे मिळाले. संगमनेरजवळचं जोर्वे आणि नाशिक यांच्या उत्खननांचा अहवाल एकत्र निघाला, म्हणून 'जोर्वे संस्कृती' शिकवताना नाशिकचं नाव येतं. गढीची कड पावसाळ्यात ढासळते, वर घरं आहेत. मुलांना कडेला नेऊ नका. आणि खाली घसरलेल्या मातीतून खापराचा तुकडासुद्धा उचलू देऊ नका.

दुसरा दिवस दोन दिशांना फुटतो: एक अंजनेरी, एक चांदवड. दोन्ही एका दिवसात होतात, पण मुलं दमतात. एकच निवडायचं असेल तर हंगामावर ठरवा. पावसाळ्यात अंजनेरी, हिवाळ्यात चांदवड.

अंजनेरी लोकांना हनुमानाच्या जन्मस्थानासाठी माहीत. नाण्यांच्या माणसाला ती दोन कारणांसाठी. पहिलं कारण ताम्रपट. हरिश्चंद्र वंशातल्या भोगशक्तीचे ताम्रपट इथे मिळाले, कलचुरी संवत ४६१, म्हणजे इ.स. ७०९-१० च्या सुमाराचे. त्यात देवस्थानाच्या उत्पन्नासाठी 'कृष्णराज रूपक' या नाण्यांत कर ठरवून दिलाय. कृष्णराज हा कलचुरी राजा सहाव्या शतकातला. म्हणजे राजा जाऊन जवळजवळ दीडशे वर्षं झाली, घराणं गेलं, वर चालुक्यांचं राज्य आलं, तरी बाजारात त्याच्याच नावाचा रूपया मोजला जात होता. कृष्णराजाच्या या छोट्या चांदीच्या नाण्यांचा एक साठा बागलाणातल्या देवळाणे इथे सापडला आहे. नाण्यावर राजाचा चेहरा, मागे नंदी. त्याआधी त्रैकूटक घराण्याची नाणी, दह्रसेन आणि व्याघ्रसेन यांची, तीही क्षत्रपांच्याच घाटाची. नहपानापासून कृष्णराजापर्यंत पाच शतकं या भागात चांदीच्या नाण्याचा आकार आणि वजन फारसं हललं नाही. लोकांना सवयीचं नाणं हवं असतं, राजा कुठलाही असो.

दुसरं कारण म्हणजे अंजनेरीच्या पायथ्याशी, त्र्यंबक रस्त्यावर असलेली भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था. परमेश्वरीलाल गुप्त हे तिचे संस्थापक-संचालक. नाण्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह, ग्रंथालय आणि नाण्यांचं संग्रहालय तिथे आहे. शाळेच्या लेटरहेडवर आधी लिहून, वेळ ठरवूनच जा. अचानक पन्नास मुलं दारात उभी करू नका, ती संशोधनाची जागा आहे. आधी कळवलं तर मुलांना समजेल असं काही दाखवणं त्यांनाही सोपं जातं. तिथून बाहेर पडल्यावर गावातली यादवकालीन जैन मंदिरांची पडझड बघा. शके १०६३ चा, म्हणजे इ.स. ११४१-४२ चा लेख इथला. यादवांची सोन्याची पद्मटंका नाणी ठोकण्याची तऱ्हा वेगळी होती. एकच मोठा ठसा न मारता कमळ, शंख, श्री अशी चिन्हं सुटी सुटी ठोकायची, त्यामुळे नाणं वाटीसारखं खोलगट होतं.

आणि आता चांदवड. तुमच्या मुलांचा मूळ प्रश्न "जागा दाखवा" असा असेल, तर सर्वांत जवळ जाणारं उत्तर हेच. आग्रा रोडवर नाशिकपासून साधारण पासष्ट किलोमीटर. यादव घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार याचं चंद्रादित्यपूर ते हेच मानतात. पुढे होळकरांकडे आलं. मराठेशाहीत इथे टांकसाळ होती आणि इथला 'चांदवडी रुपया' खानदेशापासून घाटापर्यंत चालायचा. नाण्यावर फारसीत टांकसाळीचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर' असं येतं. मराठ्यांच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचं, यावर मुलं गोंधळतात. कारण तेच, नहपानाच्या चकतीचं आणि कृष्णराजाच्या रूपकाचं. सराफ ओळखीचा छाप मागतो. पेशव्यांना आणि सरदारांना सत्ता हवी होती, सराफाशी वाद नको होता.

चांदवडी रुपया हातात आला तर एक गोष्ट दिसेल: मजकूर अर्धाच असतो. ठसा मोठा, चकती लहान, म्हणून टांकसाळीचं पूर्ण नाव एका नाण्यावर सहसा मावत नाही. चार-पाच नाण्यांवरचे तुकडे जोडून नाव वाचावं लागतं. टांकसाळ चालवायची पद्धतही समजावून द्या. सरकार स्वतः कारखाना काढत नसे. सोनार-सराफांना सनद मिळे, कस आणि वजन ठरवून दिलेलं असे, सरकारला ठराविक रक्कम भरायची आणि उरलेला नफा त्यांचा. मग कस कमी करायचा मोह होणारच. म्हणून प्रत्येक गावच्या रुपयावर वेगळा बट्टा, म्हणजे कपात, लागे. अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का, प्रत्येकाचा भाव निराळा आणि तो सराफाच्या जिभेवर. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकसारखा रुपया आणला, मुंबईत यंत्रावरची टांकसाळ त्याआधीच सुरू झाली होती, आणि असे गावोगावचे रुपये हळूहळू मुशीत गेले.

चांदवडला होळकरांचा रंगमहाल बघा, रेणुकादेवीचं मंदिर बघा, आणि गावातल्या जुन्या माणसांना टांकसाळीची जागा विचारा. ते जी दाखवतील तिथे जा, पण मुलांना पहिल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा विचारायला लावा: इथे मळी आहे का, भट्टीची जळकी माती आहे का, की नुसती पडकी भिंत आहे? गड चढायचा असेल तर नववीच्या मुलांना वाट सोपी नाही. माहितीतला माणूस बरोबर घ्या, नाहीतर पायथ्यावरून दाखवून या.

बागलाणात मुल्हेरलाही टांकसाळ होती. औरंगजेबाच्या काळात त्या गावाचं नाव औरंगनगर झालं आणि ते नाणी पाडणाऱ्या गावांत आलं. नाशिक शहरही 'गुलशनाबाद' या नावाने नाण्यांवर येतं. मुल्हेर दोन दिवसांत बसणार नाही, सालेर-मुल्हेरची वेगळी सहल काढा.

नाशिकरोडच्या प्रेसबद्दल मुलं विचारणारच, कारण निम्म्यांच्या घरातलं कुणी ना कुणी तिथे नोकरीला असतं किंवा होतं. करन्सी नोट प्रेस १९२८ पासून इथे आहे. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत. आत प्रवेश मिळत नाही, आणि बाहेरच्या भिंतीचे फोटोही काढू नका. नाणी इथे पडत नाहीत, ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला. मुलांना खिशातली नाणी काढायला सांगून सालाखालची खूण शोधायला लावा: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूणच नाही. बसमधला वेळ छान जातो.

जमलं तर पहिल्या दिवशी संध्याकाळी जुन्या नाशकात तांबट आळीत फेरी मारा. तांब्या-पितळेवर घण कसा पडतो, धातू ठोकून कडक झाला की पुन्हा तापवून मऊ कसा करतात, हे तिथे समोर दिसतं. नाण्याच्या चकतीचंही तेच होतं. कारागिराला विचारून, कामात अडथळा न आणता.

आता थोडं कायद्याचं आणि बाजाराचं. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही मौल्यवान वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. शंभर वर्षांपूर्वीची नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने. हे मुलांना सांगा, कारण शेतात नाणं सापडलेला एखादा मुलगा वर्गात असतोच. त्याने ते कळवलं आणि कुठल्या शेतात, किती खोल, कशाबरोबर सापडलं हे लिहून ठेवलं, तर त्या नाण्याची किंमत अभ्यासासाठी दसपट होते. जोगलटेंभीचा साठा कामाचा ठरला तो एकत्र सापडला आणि एकत्र अभ्यासला गेला म्हणून. तीच नाणी एकेक करून सराफांकडे गेली असती तर चांदीचा भाव आला असता, इतकंच.

रामकुंडाच्या परिसरात आणि यात्रांमध्ये 'रामटंका' नावाने राम-सीतेची नाणी विकली जातात, हजारो वर्षांपूर्वीची म्हणून. ती चलनी नाणी कधीच नव्हती, पूजेसाठी काढलेली ती पदकं आहेत, बहुतेक अलीकडची. मुलांनी तिथे पैसे घालवू नयेत. कुणाच्या घरी जुनं नाणं असेल तर ते चिंचेने, रांगोळीने किंवा ब्रासोने घासू नका. वरचा काळा थरच नाण्याचं रक्षण करतो, आणि त्या थरात अडकलेली मातीसुद्धा अभ्यासकाला काहीतरी सांगते.

लेण्यांवर जाताना एक टॉर्च जरूर घ्या. लेणी उत्तराभिमुख आहेत, त्यामुळे भिंतींवर थेट ऊन फारसं येत नाही आणि अक्षरं सपाट दिसतात. टॉर्च समोरून धरू नका. भिंतीला जवळजवळ चिकटवून एका बाजूने तिरका प्रकाश टाका, अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ब्राह्मी उठून दिसते. भिंतीला हात न लावता. आदल्या आठवड्यात ब्राह्मीची दहा-बारा अक्षरं वर्गात शिकवून ठेवलीत तर 'नहपानस' हा शब्द मुलं स्वतः शोधून काढतील.